खालच्या कवळीचे मास्तर

खराडीच्या डॉक्टरांनी आमच्या मास्तरांना फसवलं. त्यांचं काम शिकून घेतलं, मग त्यांना घरी बसवलं, आणि पुढे स्वतःच्या हातून जे बिघडलं ते मास्तरांच्या नावावर घातलं. हे आधीच सांगून टाकतो. माझं डोकं लवकर तापतं, आणि तापलेल्या डोक्याने लिहायला बसलं की मुख्य मुद्दा राहून जातो. आता मास्तर कोण होते ते सांगतो.

मास्तर बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, हनुवटीकडे बघत. नव्या माणसाला वाटायचं, याचं आपल्याकडे लक्ष नाही. प्रत्यक्षात ते इतकं लक्ष देत असायचे की समोरच्याला कळलं असतं तर तो तोंडावर रुमाल धरून बसला असता. खालचे दात स्वतःचे आहेत की बसवलेले, बसवलेले असतील तर हलतात का, हलत असतील तर कुठल्या अक्षराला, हे सगळं त्यांना दोन वाक्यांत समजायचं. एकदा स्वारगेटला आम्ही बसची वाट बघत उभे होतो. शेजारी एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी झापत होते. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "उजवीकडून उचलतेय. दोन दिवसांत हिरडीला फोड येणार."

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. त्यांच्या जेवणाचं वाईट वाटतं."

मास्तर दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टरांनी तोंडाचं माप घेऊन पाठवायचं आणि त्यावरून कवळी बनवायची, हे त्यांचं काम. स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत त्यांची खोली होती. आत एक टेबल, स्पिरिटचा दिवा, घासायचं यंत्र आणि प्लास्टरचे जबडे मांडलेली फळी. चाळीस वर्षं त्यांनी तिथे काढली. त्यांना मास्तर कोणी म्हणायला सुरुवात केली ते त्यांनाही आठवत नव्हतं. वरची कवळी कोणीही करतं, असं ते म्हणत. "वरचीला टाळू आहे. ती चिकटते आणि बसते. खालचीच्या नशिबी घोड्याच्या नालाएवढी पट्टी. आत जीभ, बाहेर गाल, पुढे ओठ. सगळे मिळून तिला दिवसभर ढकलतात. त्यात वय वाढलं की हिरडी झिजते, म्हणजे पायाखालची जमीनही गेली."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती या ढकलाढकलीमुळेच. वारज्याला माझं जुन्या दारं-खिडक्यांचं गोदाम आहे. जुन्या सोसायट्या पाडतात, तिथलं सागवान मी उचलतो आणि विकतो. पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या वखारीत पाठीवर फळ्या वाहत होतो, आज वखार माझी आहे. हे सगळं मी तोंडाच्या जोरावर केलं. शिक्षण नाही, ओळखी नाहीत, भांडवल म्हणजे फक्त बोलणं. आणि पन्नाशी ओलांडल्यावर माझे खालचे सगळे दात गेले. पहिली कवळी केली, ती जिभेवर नाचायची. दुसरी केली, ती टोचायची. तिसरीला पावडर लावून बघितली, ती सकाळी धरायची आणि दुपारी सोडून द्यायची. जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवून त्यावर कवळी अडकवायचा मार्ग होता, पण तेव्हा माझी साखर ताब्यात नव्हती आणि डॉक्टर हाड उघडायला तयार नव्हते.

एके दिवशी कोथरूडच्या एका सोसायटीचे चेअरमन दारं-चौकटी घ्यायला गोदामात आले. सौदा रंगात आला होता. मी आवाज चढवून म्हटलं, "साहेब, शंभर वर्षं हलणार नाही अशी चौकट आहे!" आणि कवळी सुटून ओठांवर आली. चेअरमन सभ्य होते, हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "चौकटीचं नंतर बघू." मी बाकीचा माल त्यांच्या भावात देऊन मोकळा झालो. त्या रात्री मला कळलं की माझा धंदा संपत आलाय. ज्याला आवाज चढवता येत नाही त्याला कोणीही लुबाडतं.

वारज्याचे थोरले डॉक्टर, म्हणजे खराडीच्या डॉक्टरांचे वडील, म्हणाले, "माझ्याकडे एक मास्तर येतात. त्यांना बसवू या तुमच्यासमोर."

मास्तरांचा एक नियम होता. डॉक्टर शेजारी असल्याशिवाय ते कुणाच्या तोंडाला हात लावत नसत. पण खालच्या कवळीसाठी माप घेताना स्वतः हजर राहायचं, हा त्यांचा हट्ट होता. थोरल्या डॉक्टरांनी खालच्या पट्टीवर दातांच्या जागी नुसताच मऊ मसाला ठेवला आणि ती माझ्या तोंडात बसवली. मास्तर स्टूल ओढून समोर बसले.

"बोला."

"काय बोलू?"

"दिवसभर बोलता तेच. मला घराला एक दार पाहिजे, सागवानी. काय देता?"

मी चेष्टा समजून एक आकडा सांगितला.

"एवढ्याला? ठेवा तुमच्याकडेच. आणि ऐकून आहे मी, साध्या लाकडाला रंग चढवून सागवान म्हणून खपवता म्हणे."

माझं डोकं फिरलं. कोण म्हणतो, त्याला माझ्यासमोर आणा, रंधा मारून दाखवतो, असं करत मी जे सुरू झालो तो थांबेना. मास्तर मध्येच एक-एक काडी टाकत होते. "बिजागऱ्या तरी पितळी आहेत का, की त्याही रंगवलेल्या?" थोरले डॉक्टर भिंतीकडे तोंड करून हसत होते, ते मला दिसत होतं, त्याने मी आणखी चिडलो. मध्ये त्यांनी मसाला पुन्हा गरम करून घातला, पाण्याचे घोट प्यायला लावले आणि परत भांडण सुरू. तासाभराने मास्तर म्हणाले, "झालं. काढा." त्यांनी ती पट्टी माझ्या हातात दिली. मसाला आतून जिभेने दाबला होता, बाहेरून गालांनी, आणि मध्ये एक वाकडी वाट उरली होती.

"ही तुमची जागा," ते म्हणाले. "इथे जिभेचा आणि गालाचा जोर सारखा पडतो. दात या वाटेवर बसतील. आधीच्यांनी हिरडीच्या मध्यावर बसवले होते, ते जिभेच्या रस्त्यात येत होते. जीभ काय करणार? तिने ढकललं."

नंतर कळलं की ते सगळ्यांशी असंच वागायचे. शिक्षिकेला शिकवायला लावायचे, भाजीवालीला ओरडायला. एका बँकेतल्या निवृत्त गृहस्थांना त्यांनी वीस वेळा "उद्या या" म्हणायला लावलं होतं. "माणूस 'आ' करायला जन्माला येत नाही," असं त्यांचं म्हणणं. "ज्या कामाला तोंड वापरतो त्या कामात माप घ्यावं."

कवळी तयार झाली. बसवायच्या दिवशी मास्तर तिच्या कडा यंत्रावर घासायला लागले, आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी म्हटलं, "माल कमी करताय तुम्ही."

"कडा लांब झाल्यात. गाल हलला की कवळीला उचलेल."

"अहो, मी चौकटी विकतो. जितकी खोल रुतते तितकी पक्की बसते. मला शिकवू नका."

"चौकट भिंतीत रुतते. भिंत हलत नाही. तुमचा गाल हलतो, आणि तुमचा तर जास्तच हलतो."

मी ऐकलं नाही. कडा अजिबात घासायच्या नाहीत, असं बजावलं. त्यांनी वाद घातला नाही, तशीच दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जांभई दिली आणि कवळी पायाशी पडली. फुटली नाही एवढंच. थोरल्या डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा मास्तरांनी ती हातात घेतली आणि फक्त एवढंच विचारलं, "आता माल मोजून देऊ, की तोंड बघून?" मग माप घ्यायच्या मसाल्याची हिरवी कांडी दिव्यावर मऊ करून, थोडी थोडी कडेला लावून, मला जीभ इकडे घ्या, तिकडे घ्या, ओठ ओढा करत त्यांनी प्रत्येक कड जागेवर आणली. जिभेखालच्या बाजूला उलट त्यांनी कड वाढवली. म्हणजे माल कमी केलेला नव्हता, जिथे हवा तिथे नेला होता. माझ्या आयुष्यात मी इतका चुकीचा आळ दुसऱ्या कुणावर घेतल्याचं आठवत नाही.

तरीही एक खोड राहिली. एरवी कवळी घट्ट, पण भांडणात मधूनच सुटायची. मास्तरांना सांगितलं तर ते एका सकाळी स्वतः गोदामात आले आणि खिडक्यांच्या थप्पीवर बसून राहिले. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं झाली. मग म्हणाले, "दुसरा बोलत असताना तुम्ही ऐकत नाही. जीभ मागे ओढून तयार राहता, कधी एकदा तो थांबतो आणि मी सुरू करतो. जीभ मागे गेली की खालून हवा शिरते आणि कवळी सुटते. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना मागून टेकवून ठेवा."

"किती वेळ?"

"तो बोलतोय तोपर्यंत."

इतकं साधं होतं, पण मला दोन महिने लागले. जीभ टेकवून ठेवायची म्हणजे गप्प बसायचं, आणि गप्प बसलं की ऐकू येतं. समोरचा माणूस भाव सांगतो तेव्हा कुठे अडखळतो, बायकोकडे कधी बघतो, हे मला पंचवीस वर्षांत दिसलं नव्हतं, ते दिसायला लागलं. धंदा वाढला. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "मी फक्त कवळीचं बघितलं. बाकीचं तुमचं तुम्ही."

त्यांना आपल्या कामाचा अभिमान नव्हता असं मी म्हणणार नाही, पण तो ते गिऱ्हाइकाच्या आड येऊ देत नसत. कुणाला स्क्रूची कवळी परवडत असेल आणि हाड चांगलं असेल तर ते स्वतःच सांगत, "ती घ्या. माझ्यापेक्षा ती पक्की." नव्या कवळीवाल्याला त्यांच्या सूचना ठरलेल्या असत. आठ दिवस मऊ भात. मग भाकरी, पण लहान तुकडा आणि दोन्ही बाजूंना सारखा चावायचा. रोज पेपर मोठ्याने वाचायचा. टोचलं तर स्वतः कानस लावायची नाही, परत यायचं. परत येणाऱ्याला त्यांनी कधी "सवय होईल" म्हणून घालवलं नाही. "सवय कवळीने करायची, माणसाने कशाला?" असं म्हणत निळा कागद दातांत धरायला लावायचे आणि डाग बघून एखादा उंच ठिपका घासून द्यायचे.

मग थोरले डॉक्टर थकले. मुलाने खराडीला मोठा दवाखाना काढला. त्याचा मास्तरांना निरोप आला. मास्तर माझ्याकडे आले. "तुम्ही व्यवहारी आहात. जरा सोबत चला."

आम्ही गेलो. धाकटे डॉक्टर खुर्चीतून उठले, मास्तरांच्या पाया पडले. "काका, आयटीवाली मुलं आई-वडिलांना घेऊन येतात. अप्पर ठीक असते, लोअर सगळ्यांची लूज. तुमची मेथड आमच्या टीमला शिकवा ना. आणि लोअरचं डिपार्टमेंट कायम तुमचंच. प्रत्येक केसवर तुमचं नाव जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांचीच ना ती कवळी? वा! बोलताना कळतसुद्धा नाही."

दारांची एक जोडी विकली तरी मी चिठ्ठी केल्याशिवाय उठत नाही. त्या दिवशी मी कागद मागितला नाही. माझ्या तोंडाचं कौतुक झालं आणि मी चहा पिऊन उठलो. जिन्यात मास्तरांनी विचारलं, "कसा वाटतो माणूस?" मी म्हटलं, "वडिलांवर गेलाय. द्या शिकवून." हे वाक्य माझं आहे. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही.

सहा महिने मास्तर आठवड्यातून चार दिवस स्वारगेटहून खराडीला जात होते. त्यासाठी बाकीच्या डॉक्टरांचं काम त्यांनी सोडलं. मी एकदा म्हटलं, "एखादी गोष्ट स्वतःपाशी राहू द्या."

"कशाला? अर्धवट शिकवलं तर त्यांच्या हातून एखाद्या म्हातारीचं जेवण बंद पडेल."

सातव्या महिन्यात काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "सर म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून यायची गरज नाही. टीम सेट झालीये." मास्तरांनी आत जाऊन विचारलं नाही. त्यांना सलली ती वेगळीच गोष्ट. त्यांच्या तासाभराच्या बैठकीची तिथे वीस मिनिटं केली होती. पेशंटने एक ते दहा आकडे म्हणायचे आणि उठायचं. बाहेर भिंतीवर मोठा फलक लागला होता, 'खालच्या कवळीची आमची खास पद्धत', आणि त्यावर धाकट्या डॉक्टरांचा फोटो. फलकाबद्दल मास्तर एवढंच म्हणाले, "फोटो चांगला आलाय."

मी भांडायला निघालो होतो. त्यांनी हात धरला. "लोकांच्या तोंडात नीट बसतेय ना, मग नाव कुणाचं का असेना. बिघडली तर मात्र मला सांगा."

त्यानंतर दीड वर्षाने मास्तर गेले. झोपेत गेले. पर्वती पायथ्याच्या त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, चार माणसं त्यांच्याबद्दल चांगलं बोलली. लोक उठत असताना एक निवृत्त शिक्षिका काकूंजवळ, म्हणजे मास्तरांच्या पत्नीजवळ, आल्या. त्यांचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "माणूस फार चांगला होता हो. माझी खालची कवळी तेवढी बिघडवली त्यांनी. पण मी मनात काही ठेवलेलं नाही."

मी शेजारीच उभा होतो. विचारलं, "बाई, कधी केलीत कवळी?"

"गेल्या दिवाळीच्या आधी. खराडीला."

"मास्तर तर त्याच्या कितीतरी आधी तिथून सुटले होते. तुम्हाला कोणी सांगितलं त्यांनी केली म्हणून?"

"अहो, डॉक्टरच म्हणाले. तीनदा परत गेले मी. म्हणाले, आमच्या जुन्या मास्तरांच्या हातची आहे, हात थरथरतात आता त्यांचे, पण वडिलांच्या वेळचा माणूस, काढवत नाही. मला तर कौतुकच वाटलं डॉक्टरांचं." त्यांना माझा चेहरा दिसला असावा. "माझ्या बहिणीलाही तेच सांगितलं," असं हळूच म्हणून त्या गेल्या.

खोलीत मी आणि काकू उरलो. काकू म्हणाल्या, "थरथरत होते का हो त्यांचे हात? मला कसे दिसले नाहीत? शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्या सुईत दोरा तेच ओवून देत होते."

मी सगळं सांगितलं. फलक, वीस मिनिटं, काउंटरवरची मुलगी, सगळं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "शेवटी शेवटी ते फोन घेत नसत. ओळखीचं कुणी दिसलं तर रस्ता ओलांडायचे. मला वाटायचं, दमलेत." आणि मग, "तुम्ही त्यांचे मित्र. तुम्ही असंच म्हणणार."

म्हणजे मास्तरांच्या कानावर हे गेलं होतं की नाही, ते मला कळायला आता मार्ग नाही. आणि माझ्या शब्दाने काकूंचं समाधान होत नाही. त्या चाळीस वर्षांचा संसार आठवून आठवून तपासतायत, की कुठे हात थरथरला होता का.

मी धाकट्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "काका, तुम्ही इमोशनल होताय. पेशंटला समजवताना आपण काहीतरी बोलतो. लेखी मी कुणाचं नाव दिलेलं नाही." बरोबर आहे. लेखी काहीच नाही. ते न घेणारा मीच होतो, आणि त्याचं जे काय व्हायचं ते माझं मी बघीन.

पण डॉक्टर, काकूंना उत्तर मी देऊन चालत नाही, ते तुम्हीच द्यायला हवं. मला माफी नको, वर्तमानपत्रात खुलासा नको, भिंतीवरचा तुमचा फोटोही राहू द्या. पर्वती पायथ्याला जा, त्या घरात काकूंच्या समोर बसा, आणि त्या बाईंची आणि त्यांच्या बहिणीची कवळी कुणाच्या हातची होती ते स्वतःच्या तोंडाने सांगा. घर मी दाखवतो. कधी येताय?